गालफडापासून गाठीपर्यंत

प्रस्तावना

पेण-रोह्याच्या गावांत कुणाला कॅन्सर निघाला की ओटीवर दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "तिला कसलंच व्यसन नव्हतं हो, मग तिलाच का?" आणि दुसरं, "आमचा आजा नव्वदीपर्यंत तंबाखू मळत होता, त्याला कुठे काय झालं?" दोन्ही वाक्यं मनापासून आलेली असतात आणि दोन्हींतली हकीकत खरीच असते. पहिल्या वाक्यातून दैवावरचा राग बाहेर पडतो, दुसऱ्यातून पुढची चिमूट. म्हणून ती हसण्यावारी नेऊन चालत नाही. त्यांना उत्तर द्यावं लागतं, आणि पेशीच्या आत काय घडतं हे कळल्याशिवाय ते देता येत नाही.

हे पुस्तक त्या उत्तरासाठी आहे. आपल्या भागातल्या आशाताई, शाळांतले विज्ञानाचे शिक्षक आणि 'टाटाला नेलंय' असं ज्यांच्या घरातल्या माणसाबद्दल सांगितलं जातं ती कुटुंबं, हे त्याचे वाचक. उपचारांची पत्रकं दवाखान्यात मिळतात. पण हा रोग सुरू कसा होतो, त्याला किती वर्षं लागतात आणि त्या वर्षांत शरीर काय करत असतं, हे आपल्याकडे घरात कुणी बसवून सांगत नाही. आपलं बरंचसं भय आणि बराचसा गाफीलपणा या न सांगितलेल्या भागातून येतो, असं मला वाटतं.

सुरुवात निरोगी पेशीपासून करू. माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी असतात. त्यांतल्या बऱ्याच झिजतात, मरतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. गालाचं आतलं अस्तर तिखट, गरम आणि दातांचं घासणं सोसत काही आठवड्यांत पूर्ण नवं होतं. नवी पेशी जुनीच्या विभागणीतून येते, आणि विभागणीआधी पेशीला आपल्या सगळ्या डीएनएची प्रत काढावी लागते. तो मजकूर ६०० कोटी अक्षरांचा आहे, आईकडचा निम्मा आणि वडिलांकडचा निम्मा. प्रत काढणारी प्रथिनं कमालीची अचूक असतात. चुकीचं अक्षर बसलं तर ती मागे येऊन ते काढतात, आणि त्यातून सुटलेल्या चुका शोधायला प्रथिनांची दुसरी फळी मागून येते. एवढं करूनही अब्जावधी अक्षरांमागे एखादी चूक राहून जाते आणि त्या पेशीच्या पुढच्या सगळ्या वंशात उतरते.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात हात मळलेल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. मूर्तीच्या सोंडेवरचा टवका उडाला आणि नेमका त्याच मूर्तीवरून नवा साचा काढला, तर त्या साच्यातून निघणारा प्रत्येक गणपती तो टवका घेऊनच येणार. कारखान्यात कारागिराची नजर तिथे पोचते आणि तो खड्डा बुजवतो. पेशीत ही संधी फार थोडा वेळ असते. डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एकावर चूक असते तोवर दुसऱ्याकडे पाहून ती दुरुस्त करता येते. पुढच्या विभागणीत दोन्ही धाग्यांवर तीच चूक बसली की मूळ कोणतं आणि बिघडलेलं कोणतं हे ओळखायला खूणच उरत नाही.

यातल्या बहुतेक चुका निरुपद्रवी असतात. माणसाची सुमारे २० हजार जनुकं आहेत, आणि पेशीचं वाढणं, थांबणं, दुरुस्त होणं, मरणं ज्यांच्या हाती आहे अशी त्यांतली काही शेच. चूक तिथे पडली तर गोष्ट वेगळी. १९८२ साली मूत्राशयाच्या कॅन्सरच्या पेशींत एचरास नावाच्या जनुकातला असा बदल सापडला. हजारो अक्षरांत एकच अक्षर बदललेलं होतं. त्यामुळे प्रथिनातल्या बाराव्या जागी ग्लायसिनऐवजी व्हॅलिन आलं आणि 'आता वाढ' हा निरोप देऊन झाल्यावर गप्प बसणारं ते प्रथिन गप्प बसेनासं झालं. शास्त्रज्ञांना सर्वांत जास्त धक्का बसला तो हे जनुक बाहेरून आलेलं नाही याचा. आपल्या प्रत्येक पेशीत ते असतं, गर्भात असल्यापासून ते लागतं. पेटन राउस यांनी १९११ मध्ये कोंबड्यांत गाठ उठवणारा विषाणू दाखवला होता. त्या विषाणूतलं कॅन्सरचं जनुक मुळात कोंबडीच्याच पेशीतून उचललेलं होतं, हे बिशप आणि व्हार्मस यांनी १९७६ मध्ये सिद्ध केलं. कॅन्सर हा आपल्याच पेशींच्या इतिहासाचा भाग आहे ही समजूत तिथून पक्की झाली.

दुसऱ्या गटातली जनुकं थांबवण्याचं काम करतात. त्यांतलं टीपी५३ हे सर्वांत महत्त्वाचं. डीएनएला इजा झाली की त्याचं प्रथिन विभागणी रोखतं, दुरुस्तीला वेळ मिळवून देतं आणि दुरुस्ती आवाक्याबाहेरची असेल तर पेशीला मरायला लावतं. माणसाच्या जवळजवळ निम्म्या कॅन्सरांत हे जनुक बिघडलेलं सापडतं. हत्तीचं शरीर एवढं अवाढव्य, पेशी आपल्या कितीतरी पट, तरी त्याला कॅन्सर क्वचितच होतो. त्याच्याकडे या जनुकाच्या २० जोड्या आहेत आणि आपल्याकडे एकच, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. थांबवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती असल्याने बहुधा दोन्ही निकामी व्हाव्या लागतात. लहान मुलांच्या डोळ्यातल्या पडद्याच्या कॅन्सरचा अभ्यास करून आल्फ्रेड नुडसन यांनी हे १९७१ मध्ये मांडलं. काही मुलं एक बिघडलेली प्रत घेऊनच जन्माला येतात, त्यांना एकच घाव पुरतो. बाकीच्यांत दोन्ही घाव एकाच पेशीवर पडावे लागतात, म्हणून त्यांच्यात तो उशिरा आणि सहसा एकाच डोळ्याला होतो. स्तनाच्या कॅन्सरची काही घराणी असतात ती याच कारणाने.

एका बदलाने मोठ्या माणसाला कॅन्सर होत नाही. बहुतेक गाठींत खरोखर कारणीभूत असलेले बदल दोनपासून आठपर्यंत आढळतात. पहिला बदल झालेली पेशी शेजारणींपेक्षा किंचित जास्त वाढते आणि तिचा वंश पसरतो. त्या पसरलेल्या वंशातल्या एखादीला दुसरा बदल होतो, मग तिचा वंश पुढे जातो. असं दशकानुदशकं चालतं. ढोबळ हिशेबाने १ सेंटीमीटरच्या गाठीत १०० कोटी पेशी असतात, म्हणजे एका पेशीच्या सुमारे ३० दुपटी. हाताला गाठ लागते तेव्हा तिचं बरंचसं आयुष्य सरलेलं असतं. बदल झालेली प्रत्येक पेशी कॅन्सरकडे जाते असंही नाही. २०१८ मध्ये माणसांच्या निरोगी अन्ननलिकेचं अस्तर बारकाईने तपासलं गेलं. मध्यमवयीन माणसांत त्या अस्तराचा मोठा भाग बदललेल्या पेशींच्या वंशांनी व्यापलेला निघाला, आणि तरी त्यांना तिथला कॅन्सर झालेला नव्हता.

आता ओटीवरच्या त्या दोन वाक्यांकडे येता येतं. व्यसन नसलेल्या बाईच्या पेशीही आयुष्यभर प्रती काढत असतात. त्यातल्या आपसूक चुका, जन्मतः आलेली एखादी बिघडलेली प्रत, संप्रेरकांचा प्रभाव, विषाणू, यांतून तिच्या एखाद्या पेशीत आवश्यक ते सगळे बदल जमून येऊ शकतात. तिने काही वाईट केलेलं नसतं. उलट, तंबाखू मळणाऱ्या आज्याच्या तोंडातही चुकांचा वेग वाढलेलाच होता, पण ते नेमके चार-पाच बदल एकाच पेशीत एकत्र आले नाहीत. त्याच गावातल्या, तशीच तंबाखू खाणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या तोंडात ते आले, आणि तो माणूस आज ओटीवर बोलायला नाही. वाचलेला आजा सगळ्यांना दिसतो. गेलेल्यांची गोष्ट त्यांच्या घरातच राहते.

या पुस्तकाचं पहिलं प्रकरण तोंडाचं असावं असा आग्रह मी धरला. आपल्या भागात हा कॅन्सर ओळखीचा आहे, आणि शरीरातल्या दुसऱ्या फारच थोड्या जागी हा सगळा क्रम असा उघड्या डोळ्यांनी पाहता येतो.

तंबाखूचं पान वाळवताना आणि आंबवताना त्यात नायट्रोसामाइन नावाची द्रव्यं तयार होतात. त्यांतली एनएनएन आणि एनएनके ही दोन माणसात कॅन्सर करणारी म्हणून निश्चित झालेली आहेत. ती थेट डीएनएला चिकटत नाहीत. शरीर परक्या द्रव्यांची विल्हेवाट लावायला जी एन्झाइमं वापरतं, त्यांच्याच हातून त्यांचं अधिक आक्रमक रूप तयार होतं आणि ते डीएनएच्या अक्षरांवर बसतं. बिघडलेलं अक्षर प्रत काढताना चुकीचं वाचलं जातं. तंबाखू चुन्याबरोबर मळली की अल्कतेमुळे निकोटीन मोकळं होऊन झटकन रक्तात जातं. म्हणून चुन्याशिवाय 'लागत' नाही. बार खालच्या ओठात किंवा गाल आणि हिरडीच्या मधल्या खाचेत तासन् तास दाबून ठेवला जातो, आणि आपल्याकडे कॅन्सर नेमका त्याच खाचेत जास्त होतो.

मशेरीचा विचार वेगळा करायला हवा. ती लावणाऱ्या आपल्या आया-मावश्या स्वतःला तंबाखू खाणाऱ्यांत धरत नाहीत. त्यांच्या लेखी ती दात घासायची वस्तू. पण तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली ती तंबाखूच आहे, आणि भाजताना तीत बेंझोपायरीनसारखी, एरवी धुरात असणारी द्रव्यंही तयार होतात. आशाताईंनी घरोघरी विचारताना "तंबाखू खाता का?" एवढंच विचारलं तर उत्तर 'नाही' येईल. "मशेरी लावता का, दिवसातून किती वेळा?" असं विचारायला हवं. लहान मुलींच्या हाती ती पहिल्यांदा बहुधा आजीच्या प्रेमानेच येते. म्हणून आजीला दोष न देता हे सांगायला शिकावं लागतं.

सुपारीबद्दल आपल्या जिल्ह्यात बोलणं अवघड. श्रीवर्धनची रोठा सुपारी हे आपल्या किनाऱ्याचं जुनं पीक, आणि लग्नापासून पूजेपर्यंत सुपारीवाचून पान हलत नाही. पूजेतल्या सुपारीला कुणाचा विरोध नाही. प्रश्न चघळण्याचा आहे. तंबाखू न घालता चघळलेली सुपारीही कॅन्सरकारक आहे हा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केला. सुपारीतलं अरेकोलीन गालाच्या अस्तराखालच्या पेशींना जास्तीचं कोलॅजेन तयार करायला लावतं. सुपारीत तांबंही असतं, आणि त्यामुळे कोलॅजेनचे धागे एकमेकांना घट्ट जखडणाऱ्या एन्झाइमाला जोर येतो. असे जखडलेले धागे शरीराला मोडता येत नाहीत. गाल कडक होतात, तिखट सहन होत नाही आणि तोंड हळूहळू उघडेनासं होतं. मुंबईत डॉ. सत्यवती सिरसाट आणि डॉ. व. रा. खानोलकर यांनी अरेकोलीनचा उंदरांच्या टाळूवर आणि गालावर होणारा परिणाम इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून १९६२ मध्येच मांडला होता. पुढे गुटख्याच्या पुड्या आल्या आणि हा आजार कोवळ्या मुलांत उतरला. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तरी सुटी सुपारी आणि तंबाखू शेजारी शेजारी विकत घेऊन तोंडात एकत्र करता येतेच.

कॅन्सर होण्याआधी तोंडात बहुधा खुणा उमटतात. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, त्याहून धोक्याचा लाल मखमली चट्टा आणि कडक होत जाणारे गाल. असे सगळे चट्टे कॅन्सर होत नाहीत. तंबाखू थांबवली की पांढरे चट्टे पुष्कळदा मावळतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधकांनी तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्या ३६ हजार ग्रामीण लोकांना वर्षानुवर्षं समजावून त्यांच्या तोंडांची नोंद ठेवली. नव्या चट्ट्यांचं प्रमाण खरोखर कमी झालेलं त्यांनी १९८६ मध्ये दाखवलं. पेशीशास्त्राच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा आहे. पहिला-दुसरा बदल झालेली वाटसुद्धा अडवता येते.

या कॅन्सरच्या जनुकांचा नकाशा काढण्याचं काम आपल्याच जिल्ह्यात झालं, हे पेण-रोह्याच्या मुलांना मुद्दाम सांगावंसं वाटतं. परळच्या टाटा रुग्णालयाची संशोधन शाखा २००२ पासून पनवेल तालुक्यातल्या खारघरला आहे, अॅक्ट्रेक या नावाने ती ओळखली जाते. तिथल्या आणि बंगालमधल्या कल्याणीच्या शास्त्रज्ञांनी गाल-हिरडीच्या कॅन्सरच्या ११० भारतीय रुग्णांच्या गाठी तपासून २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. टीपी५३ होतंच. पेशीला मरण्याचा आदेश देणारं कॅस्प८, अस्तराच्या पेशीला पक्व व्हायला लावणारं नॉच१, वर सांगितलेलं एचरास हेही होतं. शिवाय या कॅन्सरमध्ये वारंवार बिघडणारी काही जनुकं प्रथमच लक्षात आली. मरायचं नाही, पक्व व्हायचं नाही आणि वाढत राहायचं, अशी त्या पेशीची वागणूक एकेका जनुकाच्या नावानिशी वाचता येते. रोह्याहून पनवेलला येणाऱ्या गाडीच्या टप्प्यात हे काम चालतं.

या परंपरेची सुरुवात डॉ. खानोलकरांपासून धरावी लागते. परळचं टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळा त्यांनी घडवल्या. माणसाच्या सवयी आणि त्याचा कॅन्सर यांची सांगड ते घालत. धोतराची गाठ वर्षानुवर्षं कमरेवर एकाच जागी घासून होणारा त्वचेचा कॅन्सर त्यांनी सूर्याबाई यांच्याबरोबर १९४५ मध्ये नोंदवला. सतत घासल्याने जखम होते, जखम भरायला पेशी पुन्हा पुन्हा विभागतात आणि प्रत्येक विभागणी ही चुकीची नवी संधी असते. त्यांच्याच हाताखाली पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे घडल्या. त्यांनी भारतातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली आणि उंदरांतल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये वंश, संप्रेरकं आणि विषाणू एकमेकांत कसे गुंतलेले असतात ते शोधलं. १९७३ मध्ये त्यांनी भारतीय महिला शास्त्रज्ञांची संघटना स्थापली. विज्ञान घेणाऱ्या आपल्या मुलींना त्यांचं नाव ठाऊक असायला हवं.

विषाणूमुळे होणारा आपल्या बायकांचा कॅन्सर म्हणजे गर्भाशयमुखाचा. त्याला कारण होणाऱ्या एचपीव्ही विषाणूची दोन प्रथिनं पेशीतल्या थांबवणाऱ्या दोन प्रथिनांना गाठतात, एक टीपी५३ जनुकाचं पी५३ हे प्रथिन नष्ट करतं आणि दुसरं आरबी हे प्रथिन निकामी करतं. संसर्ग पुष्कळ जणींना होतो आणि बहुतेकींचं शरीर तो एक-दोन वर्षांत घालवतं. जिच्यात तो टिकतो तिच्यात दहा-पंधरा वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. हे अंतर केवढं मोलाचं आहे ते मराठवाड्याने जगाला दाखवलं. उस्मानाबाद जिल्ह्यात, आजच्या धाराशिवमध्ये, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त स्त्रियांवर बार्शीच्या आणि टाटाच्या डॉक्टरांनी केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. शेतमजुरी करणाऱ्या बायकांनी दिलेल्या नमुन्यांतून हे सिद्ध झालं, याचा मला अभिमान वाटतो. आता पुण्यात तयार झालेली लसही आहे.

पसरण्याबद्दल एक समज मुळापासून काढायला हवा. 'लोखंड लागलं की कॅन्सर पेटतो', 'सुई घातली की पसरतो' असं म्हणत तपासणीचा तुकडा काढू न देणारी घरं आजही आहेत. पसरण्याची क्षमता पेशीला तिच्यात झालेल्या बदलांतून येते. शेजारच्या पेशींची पकड सोडणं, खालचा पडदा विरघळवून पलीकडे शिरणं, रक्तात किंवा लसिकेत तग धरणं, दूरच्या अवयवात रुजणं, या प्रत्येक पायरीवर बहुतेक पेशी मरतात. ज्यांना हे जमतं त्या सुईची वाट पाहत नाहीत. तुकडा काढायला नकार देऊन गेलेल्या महिन्यांत त्या पेशींना मात्र वेळ मिळतो, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत मानेत गाठ आलेली असते. मग लोक म्हणतात, सुई लावली आणि पसरला.

रोह्यात, विशेषतः धाटावच्या औद्योगिक वसाहतीभोवती, आणखी एक प्रश्न विचारला जातो: कारखान्यांमुळे कॅन्सर होतो का? प्रश्न रास्त आहे. बेंझिनमुळे रक्ताचा, काही रंगद्रव्यांमुळे मूत्राशयाचा, ॲस्बेस्टॉसमुळे फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर होतो हे कामगारांच्या अभ्यासातून सिद्ध आहे. एखाद्या गावाबद्दल उत्तर द्यायचं तर कुणी कुठल्या द्रव्यात किती वर्षं काम केलं आणि कुणाला कोणत्या अवयवाचा कॅन्सर झाला याची नोंद हवी. मुंबईत अशी कॅन्सर नोंदणी १९६३ मध्ये सुरू झाली, ग्रामीण भागातली पहिली बार्शीला १९८७ मध्ये. आरोप किंवा सफाई यांच्याआधी नोंदीची मागणी कामगारांनी आणि ग्रामपंचायतींनी लावून धरावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

उपचारांचा भाग या पुस्तकात थोडक्यात आहे आणि तो तसाच योग्य. रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी बदलून रक्ताच्या काही कॅन्सरांवर सोडण्याच्या भारतीय उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. आयआयटी मुंबई आणि टाटा यांच्या त्या कामाच्या चाचण्यांत खारघरचा वाटा होता. पण तोंडाच्या कॅन्सरमध्ये आजही सर्वांत जास्त फरक पडतो तो गाठ केवढी असताना माणूस पोचला याने.

म्हणून वाचकाने पहिलं प्रकरण वाचण्याआधीच एक काम करावं. चांगल्या उजेडात आरशासमोर उभं राहून चूळ भरावी, कवळी असल्यास काढावी. दोन्ही गाल बोटाने बाहेर ओढून हिरडीलगतची खाच पाहावी, खालचा ओठ उलटून पाहावा, जीभ बाहेर काढून तिच्या दोन्ही कडा आणि खालची बाजू पाहावी, टाळू पाहावी. मग स्वतःची तीन बोटं उभी धरून उघड्या तोंडात जातात का ते बघावं. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, हाताला लागणारा कडकपणा किंवा तीन बोटं न जाणं, यांतलं काहीही आढळलं तर दुखत नसलं तरी दंतवैद्याला किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात दाखवावं. सुरुवातीचा कॅन्सर बहुधा दुखत नाही. घरातल्या मशेरी लावणाऱ्या मोठ्या माणसांचं तोंडही याच वेळी पाहून घ्यावं.